आमचा कातळ जुना

उजवीकडून गाडी चालवण्यात अवघड असं काही नाही. समोरून ट्रक आला की रस्ता आपोआप शिकवतो. अवघड असतो तो वायपर. आपल्याकडे उजव्या हाताशी साइड दाखवायची दांडी असते. तिकडच्या गाडीत तिथे वायपर. त्यामुळे केफ्लाविक विमानतळातून बाहेर पडल्यापासून मी प्रत्येक वळणावर कोरडी काच पुसत होतो, आणि पाऊस आला की आपण वळणार असल्याचं अख्ख्या आइसलँडला कळवत होतो. मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत. खंबाटकी घाटात एका हाताने गाडी चालवणाऱ्या माणसाचा यापेक्षा मोठा अपमान नाही. हॉर्न वाजला असता तर निदान उलट काही बोलता आलं असतं.

अपमानाची सुरुवात खरं तर गाडी ताब्यात घेतानाच झाली होती. काउंटरवरच्या तरुणाने विम्याचे कागद पसरले. काचेवर उडणाऱ्या खडीचा विमा वेगळा, वाळूचा आणि ज्वालामुखीच्या राखेचा वेगळा. "आणि वाऱ्याने दार उपटलं तर ते कशातच बसत नाही," तो शांतपणे म्हणाला. "गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा." माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा मला दार कसं उघडायचं ते शिकवत होता. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर आषाढात उभा राहिलेला माणूस आहे मी, असं मी त्याला मराठीत सुनावलं. बायकोने इंग्रजीत त्याचे आभार मानले.

मग तो लाव्हा सुरू झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळा, फुटका, उसळून थिजलेला दगड, त्यावर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड लोकर. इथे आलेले सगळे प्रवासी "चंद्रावर आल्यासारखं वाटतं" असं म्हणतात. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. बेसाल्ट! आपला कातळ!

इथे लेखाची गाडी रस्ता सोडून जरा आत जाणार आहे. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी घालायला कायद्याने बंदी आहे, दंडही जबर आहे. ललितलेखाला अजून तो कायदा लागू नाही.

तर मुद्दा असा, की हा दगड आमचा आहे. आइसलँडवाल्यांनी तो प्रसिद्ध केला, एवढंच. त्यांचं सगळं बेट मिळून 1 लाख 3 हजार चौरस किलोमीटर. आमचा दख्खनचा कातळ आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. त्यांचा सगळ्यात जुना खडक दीडेक कोटी वर्षांचा; आमचा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांचा, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या पिढ्यांनी पाहिलेला. रेक्यानेसच्या ज्या भागातून आम्ही जात होतो, तिथला काही लाव्हा तर 2021 नंतरचा. माझा मोबाइल त्याच्याहून वयाने मोठा आहे! असल्या कालच्या पोराचे फोटो काढायला लोक जगभरातून येतात आणि सह्याद्रीकडे ट्रेनमधून बघत वडापाव खातात, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

शिवाय दगड नुसता असून चालत नाही, त्याचं काही करावं लागतं. परंपरा सांगते की 874 साली पहिला नॉर्वेजियन माणूस या बेटावर कायमच्या मुक्कामाला आला. त्याच्या शंभरेक वर्षं आधीच आम्ही याच जातीच्या दगडातून वेरूळचं कैलास मंदिर कोरलं होतं. तेही वरून खाली, कळसापासून पायाकडे! यात 'आम्ही' हा शब्द मी फार सहजपणे वापरतो. घरी भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर मी सुतार बोलावतो, पण परदेशी भूमीवर पाऊल ठेवलं की राष्ट्रकूटांच्या काळापासून छिन्नी माझ्याच हातात असते.

अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांनी 1965 आणि 1967 साली आइसलँडच्या या दगडांवर भूशास्त्राचा सराव केला, अशी माहिती बायकोने दिली. मी लगेच लोणार काढलं. उल्का आदळून बेसाल्टमध्ये इतकं सुरेख विवर पृथ्वीवर दुसरीकडे शोधून सापडायचं नाही. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद! चंद्राचा सरावच करायचा होता तर बुलढाणा जिल्ह्यात यायचं होतं. आम्ही जेवायलाही घातलं असतं.

वरचे सगळे आकडे बायकोचे आहेत, हेही सांगून टाकतो. तिने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. ती आकडा सांगते आणि मी त्याचा अभिमान बाळगतो, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे. पण या खेपेस ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, आपला दगड जुना आहे आणि थंड आहे, तेच बरं. या बाजूचं ग्रिंडाविक गाव 2023 च्या नोव्हेंबरात एका रात्रीत रिकामं करावं लागलं. आपल्याला निदान कातळावर झोप लागते." यावर मला काही सुचलं नाही, म्हणून मी वायपर लावला. या वेळी पाऊस खरोखरच होता. साइड लागली.

थिंगवेत्लिरला माझी तब्येत पुन्हा सुधारली. तिथे उत्तर अमेरिका आणि युरेशिया ही भूपट्टं एकमेकांपासून वर्षाला सुमारे 2 सेंटिमीटर दूर सरकतात आणि मधल्या भेगेतून लोक तिकीट काढल्यासारखे गंभीर चेहऱ्याने चालतात. आपलं भूपट्ट वर्षाला 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतं, हे मी एका जर्मन गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "ओ." याच जागी 930 साली आइसलँडची लोकसभा भरू लागली. लिहिलेला कायदा नव्हता, त्यामुळे एक कायदेवाचक दर वर्षी एक तृतीयांश कायदा खडकावर उभं राहून तोंडपाठ म्हणायचा. तीन वर्षांत सगळा पुरा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. निघताना पासपोर्ट कुठल्या बॅगेत ठेवले ते मला मुंबईपर्यंत आठवत नव्हतं.

गेसिरला स्त्रोक्कुर नावाचा गरम पाण्याचा झरा पाच-दहा मिनिटांनी उसळतो. आमच्याकडेही वज्रेश्वरी आहे, असं त्याच जर्मन गृहस्थांना सांगायला मी वळलो, आणि तो नेमका तेव्हाच माझ्या पाठीमागे उसळला. वज्रेश्वरीला पाठ केली तरी ती असं करत नाही.

गुत्लफोसला वारा होता. गाडी थांबल्यावर मी दाराला हात घालायच्या आत बायको तिच्या बाजूने कशीबशी उतरली, वळसा घालून आली आणि बाहेरून दोन्ही हातांनी माझं दार धरून उभी राहिली. पंचा फडफडावा तसा तिच्या ओढणीचा शेव तोंडावर येत होता आणि तो बाजूला करायला तिला हात मोकळा नव्हता. काही बोलली नाही. आमच्यात आभार मानायची पद्धत नाही. मी खिशातली शेवटची आलेपाकाची वडी तिला दिली.

माझे केस डाव्या कानाच्या वरून निघतात आणि मधला मोकळा प्रदेश ओलांडून उजव्या कानाशी पोचतात. पुण्यात कोणाला याचा पत्ता नाही, अशी माझी समजूत होती. धबधब्यासमोर फोटोला उभा राहिलो आणि ते सगळेच्या सगळे ताठ उभे राहिले. फोटो लगेच घरच्या ग्रुपवर गेला. मेव्हण्याचं उत्तर आलं, "दाजी, पठार छान आलंय. कास का?"

केस दाबत पायवाटेने जाताना एका बाईचा दगडात कोरलेला चेहरा दिसला. सिग्रीदुर तोमासदोत्तिर, जवळच्या ब्रात्थोल्टच्या शेतकऱ्याची लेक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धबधब्यावर वीज करायचा घाट परकीय भांडवलवाल्यांनी घातला. ती रेक्याविकपर्यंत पायपीट करत गेली, खटला लढवला, धबधब्यात उडी घेईन अशी धमकी दिली. खटल्यात तिला यश आलं नाही. पण 1929 साली तो करार बारगळला आणि वीजघर झालंच नाही. 1979 पासून गुत्लफोस संरक्षित आहे. हवीता नदी दोन टप्प्यांत 32 मीटर खाली कोसळते ती अजून तशीच.

इथे मात्र माझी बढाई घशात अडकली. तिच्याच काळात, 1921 साली, पुण्याच्या उशाशी मुळशीत शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते. वीज मुंबईला जाणार होती आणि भातखाचरं पाण्यात. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातच 'सेनापती' झाले, तुरुंगात गेले. धरण झालं. गावं बुडाली. आता आपण पावसाळ्यात त्याच पाण्याकाठी गाडी लावतो, भाजलेलं कणीस खातो आणि पाठीमागे पाणी घेऊन फोटो काढतो. सेनापतींचा पुतळा आपण पुण्यात पाहतो, रस्त्यालाही त्यांचं नाव देतो. पाण्याखालच्या एकाही गावाचं नाव मला सांगता येईना. बायकोलाही नाही, आणि ती भूगोलाची शिक्षिका.

आइसलँडवाले शेवाळावर पाय ठेवू देत नाहीत, कारण उमटलेला पाय वर्षानुवर्षं मिटत नाही. आपण 6 कोटी वर्षांच्या डोंगराची खडी करतो आणि उरलेल्यावर ऑइलपेंटने बदाम काढतो. आमचा कातळ जुना, हे खरंच आहे. फक्त त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

तेव्हा या पावसाळ्यात मुळशीला जाणाऱ्यांना एवढीच विनंती. कणीस जरूर खा. त्या पाण्याखाली गावं आहेत, हे बरोबरच्या मुलांना सांगा. आणि कातळावर स्वतःचं नाव लिहू नका. इतकी वर्षं त्याचं तुमच्या नावावाचून काही अडलेलं नाही.