भिकार सिनेमाची देखणी प्रत

टेक्सासमधल्या एल पासोच्या एका खतविक्रेत्याने १९६६ साली ‘मॅनोस : द हँड्स ऑफ फेट’ काढला. कॅमेरा एका दमात जेमतेम अर्धा मिनिट चाले, संवाद सगळे मागाहून भरलेले. पुढे टुकार सिनेमांची टर उडवणाऱ्या ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या टीव्ही कार्यक्रमात एक माणूस आणि दोन यंत्रमानवांनी त्याची यथेच्छ सालटी काढली. त्या कार्यक्रमाच्या डीव्हीडीवर चाहत्यांची तक्रार काय, तर चित्र धूसर! अहो, मूळ चित्रणातच काळोख आहे. मग कार्यक्रमाचा सूत्रधार म्हणून जोएल सरस की माइक, यावर हमरीतुमरी. डीव्हीडींच्या दहाव्या संचातला गॉडझिलापट हक्कांच्या भानगडीत अडकला आणि संच बाजारातून मागे घेतला गेला, तर नेमका तोच सगळ्यांना हवा. सिनेमे टुकार आहेत, याबद्दल मात्र कुणाचीच तक्रार नाही.