खाचांचा स्वाभिमान

सायकलच्या मागच्या चाकावरची दातेरी चक्रे काढण्याच्या शास्त्रात उद्योगाने जपलेल्या वैविध्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. सनटूर कंपनीच्या फ्रीव्हीलला, म्हणजे चाकावर आट्यांनी बसणाऱ्या चक्रसंचाला, पाना अडकवायला आधी 2 खाचा, मग 4. शिमानोच्या कॅसेटची चक्रे जागी धरणाऱ्या लॉकरिंगला 12, कॅम्पाग्नोलोच्याही 12. पण व्यासात मिलिमीटरहून कमी फरक राखून दोघांनी आपापला स्वाभिमान सांभाळला आहे. हे तत्त्व आता पुढे न्यावे: सोमवारी घट्ट झालेले फ्रीव्हील मंगळवारच्या पान्याने सुटू नये, आणि वार विसरणाऱ्याने नवे चाकच घ्यावे. तूर्त सर्व कंपन्यांच्या सर्व खाचांना मान्य असलेला अवजारांचा संच एकच आहे. तो कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळतो: छिन्नी आणि हातोडा.