एका हेक्टरात वसतिगृह बसवून दाखवा

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाकडे शाळेची दोन मापं आहेत. एकलव्य आदर्श निवासी शाळेसाठी हे मंत्रालय १५ एकर जागेचा निकष लावतं. वनहक्क कायदाही याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, आणि तो वनजमिनीवरच्या शाळेला एक हेक्टरपेक्षा कमी जागा देतो. एक हेक्टर म्हणजे जेमतेम अडीच एकर. गरज १५ एकरांची, मुभा अडीच एकरांची, आणि दोन्हीकडे मंत्रालय तेच. या कात्रीत सातपुड्यातली आणि गडचिरोलीतली मुलं सापडली आहेत. हा नियम बदललाच पाहिजे.

आधी कायद्याचं श्रेय कायद्याला देऊ. २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) गावाच्या फार उपयोगाचं आहे. वनसंवर्धन कायद्याच्या लांबलचक प्रक्रियेत न शिरता शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, तळं अशा १३ सोयींसाठी वनजमीन मिळू शकते. ग्रामसभेने शिफारस करायची, सोय सरकारने चालवायची आणि हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढ्याच अटी. पण ही यादी करताना डोळ्यांसमोर होती ती संध्याकाळी सुटणारी शाळा. दोन-चार खोल्या, एक व्हरांडा, समोर अंगण. तिला हेक्टर पुरून उरतो.

निवासी शाळेत मूल जेवतं, झोपतं, आंघोळ करतं, तापाने फणफणतं. त्या तेरांच्या यादीत शाळा आहे, वसतिगृहाचा उल्लेखही नाही.

हिशेब मांडून पाहा. एकलव्य शाळेत ४८० मुलं-मुली राहतात. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर. डोईवर २१ चौरस मीटरसुद्धा येत नाहीत. एवढ्यात वर्ग, मुलांचं आणि मुलींचं वेगवेगळं वसतिगृह, स्वयंपाकघर, संडास-न्हाणीघरं, विहीर, आजारी मुलांची खोली, शिक्षकांची घरं आणि मैदान बसवायचं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. तशी मुलगी घडवायची तर ४०० मीटरची धावपट्टी हवी. ती एकटीच एका हेक्टरात मावत नाही.

मग जंगलाबाहेर जागा शोधा, असं सुचवणारे भेटतात. कुठे शोधायची? गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग वनक्षेत्र आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या वनगावांना महसुली गावासारखं गायरानही मिळालेलं नाही. तिथे तलाठ्याने कितीही दप्तर चाळलं तरी १५ एकर सलग सरकारी जमीन निघणार नाही. खासगी जमीन घ्यावी, तर ती आदिवासी कुटुंबाच्या पोटापाण्याची. एकाच्या मुलाला शिकवण्यासाठी दुसऱ्याचं शेत घेणं हा न्याय नव्हे.

एक हेक्टर ओलांडला की १९८०च्या वनसंवर्धन कायद्याची वाट धरावी लागते. प्रस्ताव, पर्यायी वनीकरणाची जमीन, वनाच्या मूल्यापोटी भरायची रक्कम, आधी तत्त्वतः मंजुरी, मग अंतिम मंजुरी. खाणवाल्या कंपनीकडे यासाठी सल्लागारांची फौज असते. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात ही फाइल एका कारकुनाच्या टेबलावर येते, आणि त्याच टेबलावर शिष्यवृत्त्या, गणवेश आणि दाखल्यांचेही गठ्ठे असतात.

तोवर मुलं काय करतात? भाड्याच्या किंवा तात्पुरत्या इमारतीत राहतात. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजारभर आश्रमशाळा आहेत. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी दिवसा जो वर्ग, तीच रात्री झोपायची खोली. आश्रमशाळांतल्या बालमृत्यूंची चौकशी करायला राज्यपालांना डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. ही सगळी दुर्दशा जागेमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. रिक्त पदं, ठेकेदारी आणि बेपर्वाई यांचा वाटा मोठा आहे. पण जागाच नसेल तर प्रामाणिक अधिकाऱ्यालाही तिथे न्हाणीघर बांधता येत नाही.

जंगलाचे नियम बदलता येत नाहीत, हे कुणी सांगू नये. २०२३ साली संसदेने वनसंवर्धन कायदा बदलला. संरक्षित क्षेत्राबाहेरची सरकारी प्राणिसंग्रहालयं, सफारी आणि वन कार्य आयोजनेतल्या निसर्ग-पर्यटनाच्या सोयी यांना ‘वनेतर वापरा’च्या व्याख्येतून वगळलं. पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफारी आणि प्राणिसंग्रहालयांसाठी आपली परवानगी बंधनकारक केली, ती गोष्ट वेगळी. त्याच दुरुस्तीत नक्षलग्रस्त भागात सुरक्षा दलांचे तळ आणि ठरावीक लोकोपयोगी प्रकल्पांसाठी पाच हेक्टरांपर्यंत सूट आली. म्हणजे पाच हेक्टरांचं माप कायद्याला परकं नाही. पर्यटकाच्या जीपगाडीचा विचार संसदेने केला, तसा निवासी शाळेतल्या मुलीचाही करायला हवा होता.

बदल छोटा आहे. कलम ३(२)मध्ये सरकारी निवासी शाळा आणि वसतिगृह यांची वेगळी नोंद करा आणि मर्यादा पाच हेक्टर ठेवा. त्याच वेळी एकलव्यचा १५ एकरांचा हट्टही सोडा. डोंगराळ भागात ही अट अडचणीची ठरते, हे संसदेच्या स्थायी समितीनेही नोंदवलं आहे. पाच हेक्टर म्हणजे साडेबारा एकरांच्या आत. दोन्ही नियमांनी एकेक पाऊल टाकलं की शाळा उभी राहते.

जंगल वाचवणाऱ्यांची भीती मात्र खरी आहे आणि तिला नुसती आश्वासनं पुरणार नाहीत. शाळेच्या नावावर घेतलेल्या जमिनींवर पुढे मंगल कार्यालयं आणि रिसॉर्ट उभे राहिलेले महाराष्ट्राने पाहिले आहेत. म्हणून खासगी संस्थेला ही सवलत एक गुंठाही नको. हेक्टरी ७५ झाडांची मर्यादा तशीच राहावी, आणि विरळ झाडीची जागा आधी पाहावी. शाळा ठरावीक मुदतीत सुरू झाली नाही किंवा पुढे बंद पडली, तर जमीन वनात परत जावी. आणि ग्रामसभेची शिफारस म्हणजे कोऱ्या ठरावावर घेतलेल्या सह्या नव्हेत. कोणती जागा द्यायची, कोणती झाडं राखायची आणि देवराईला हात लागणार नाही ना, हे गावाने जागेवर उभं राहून ठरवावं. जंगल राखण्याचा अधिकार याच कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. मुलांची शाळा कुठे असावी, हेही तिच्याइतकं कुणाला कळणार?

नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर हे राज्यातले अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेले लोकसभेचे चार मतदारसंघ. चौघा खासदारांचे पक्ष वेगळे असतील, आश्रमशाळेच्या फरशीवर झोपणारी मुलं चौघांच्याही मतदारसंघात आहेत. येत्या अधिवेशनात चौघांनी मिळून ही एका कलमाची दुरुस्ती मांडावी. मतदारांनीही पुढच्या प्रचारसभेत त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा.