जरा थांब की!

बेळगावात कुठलंही कार्य असू दे, मुंज, साखरपुडा, वास्तुशांत, तिथं ठरवलेला फोटोग्राफर असतो, व्हिडिओवाला असतो, हल्ली ड्रोनवालाही असतो. आणि या सगळ्यांच्या मधोमध, नेमका सगळ्यांच्या आड येईल असा, एक अण्णा असतो. अण्णांना बोलावणं असतं ते जेवायला. पण गळ्यात कातड्याचा पट्टा, पट्ट्याला कॅमेरा आणि डोळा त्याच्या खिडकीला, अशा अवस्थेत मुहूर्ताच्या वेळी ते नवऱ्या मुलापासून बरोबर दोन मीटरवर उभे असतात. दोन मीटर हा माझा अंदाज नव्हे. लेन्सवर दोनचा आकडा लावूनच अण्णा घरातून निघतात.

आमचे अण्णा शहापूरचे. जन्म आणि शाळा निपाणीत, नोकरी विम्याच्या कचेरीत, आणि निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग म्हणजे फोकस करणं. फोटो काढणं असं मुद्दामच म्हणत नाही. फोटो हा अण्णांच्या दिवसातला अगदी किरकोळ भाग आहे.

अलीकडे जावयानं त्यांना जर्मनीहून नवा कॅमेरा आणून दिला. लायकाचा एम ११-डी. २०२४ साली बाजारात आलेला. आत सहा कोटी पिक्सेलांचा सेन्सर, पोटातच २५६ जीबीची साठवण, आणि पाठीला पडदा नाही. डिजिटल कॅमेरा खरा, पण काढलेला फोटो बघायची सोय त्यात नाही. पडद्याच्या जागी आयएसओची एक गोल चकती आहे. आता लग्नघरातल्या माणसाला हे समजावून सांगून बघा.

"अण्णा, दाखवा की कसा आलाय."

"यात दिसत नाही."

"बिघडलाय होय?"

"बिघडला नाही रे. तो तसाच आहे."

"म्हणजे नवाच बिघडका दिला की तुम्हाला!"

फोनला जोडून फोटो बघता येतात, त्यासाठी कंपनीचं ॲप आहे, असं नातवानं एकदा भीत भीत सुचवलं. "मग फोनच घेतला नसता का?" म्हणून अण्णांनी तो विषय मिटवला. काकूंचं म्हणणं वेगळं. "एवढे पैसे घालून मागं काच बसवायला काय झालं त्यांना?" यावर अण्णांचं उत्तर असं, की काच काढायचेच तर ते पैसे आहेत. हे उत्तर काकूंना पटलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात आणि त्यात लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एक उजळ चौकोन. त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक ठळक आणि एक पुसट, जरा बाजूला सरकलेला. लेन्सची कडी फिरवत ही दोन माणसं एकावर एक आणायची. जुळली की फोकस झाला. स्वयंचलित काही नाही. अण्णा हे समजावताना आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "दोन प्रतिमा एक झाल्या की मगच क्लिक. आपल्या सीमाप्रश्नातसुद्धा..." इथं ऐकणाऱ्यानं चहाचा विषय काढावा. नाहीतर महाजन आयोगापर्यंत जावं लागतं.

मी तो कॅमेरा हातात घेऊन पाहिलाय. अण्णांनी आधी मला हात पुसायला लावले, पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि मग स्वतःही पट्ट्याचं एक टोक धरून उभे राहिले. धातूचा गार स्पर्श. बटणं मोजकी. कडी अशी फिरते, की फिरवतच राहावंसं वाटतं. शटरचा आवाज इतका हलका, की झालं की नाही अशी शंका यावी. खिडकीतून चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळं फोटोत कोण शिरणार आहे ते आधीच कळतं. (अण्णांच्या फोटोत तरीही लोक शिरतातच, कारण कळण्याला आणि बटण दाबण्याला मधे बराच वेळ जातो.) यंत्र म्हणून सुंदरच. पण आपल्या लोकांत ते चालवायचं म्हणजे माणसं निदान जागेवर उभी राहायला हवीत. नातू तर धावत येतो आणि लेन्सला नाक लावतो. अण्णांच्या लेन्सला सत्तर सेंटिमीटरच्या आतलं काही जुळवता येत नाही, आणि नातवाला सत्तर सेंटिमीटरच्या बाहेर राहता येत नाही.

म्हणून अण्णांचं आयुष्यातलं मुख्य वाक्य एकच. "जरा थांब की!" समोर कानडी माणूस असला तर, "स्वल्प निंदर्री!" हे ते नवरदेवाला म्हणतात, भाजीवालीला म्हणतात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथावरच्या बालशिवाजीला म्हणतात. चित्ररथ ट्रॅक्टरवर असतो आणि ट्रॅक्टरला ऐकू येत नाही. मिरवणुकीनंतर अण्णांच्या संग्रहात पाठमोऱ्या मावळ्यांची भर पडते. त्यातल्या त्यात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर ते सुखी असतात. गेट पडलं की अख्खं बेळगाव आपण होऊन थांबतं. लोक घड्याळाकडं बघत चरफडत असतात आणि अण्णा एकेकाला शांतपणे जुळवून घेत असतात. गाडी लवकर गेली, की त्यांचाच चेहरा उतरतो.

इतिहास हा अण्णांचा दुसरा छंद. लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याच्याबद्दल ते पलीकडच्या गल्लीत राहिल्यासारखं बोलतात. "बिचाऱ्याला दमा होता. जड पेट्या वाहवेनात. म्हणून १९१४ ला छोटा कॅमेरा केला बघ." १९२५ मध्ये तो लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत आला, ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजींच्या हत्येच्या थोडंच आधी, छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटून आला होता आणि त्याच्याकडंही लायकाच होता, हे सगळं एका कपात होतं. दुसऱ्या कपाला डिजिटल युग सुरू होतं. पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकानं काढलाच नाही, २००४ मध्ये प्रिंटरवाल्या एप्सननं काढला आणि रीळ नसताना त्याला रीळ पुढं सरकवल्यासारखा खटका ओढावा लागायचा, हे सांगताना अण्णांचे डोळे ओलावतात. २००६ ला लायकाचा एम ८ आला, पण त्यात काही काळे कपडे जांभळट यायचे, लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागायचा. "बेळगावच्या कोर्टातले सगळे वकील जांभळे! म्हणून घेतला नाही." इथं काकू स्वयंपाकघरात खोकतात. न घेण्याचं खरं कारण त्यांच्याकडं आहे.

"आणि कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं घडवला," अण्णा शेवटी म्हणतात. "आपण विकत घ्यायलासुद्धा लाजायचं?"

हे वेड घरातलंच. गोवा मुक्त व्हायच्या आधी फॉरेनचा माल तिकडूनच यायचा, तसा वडिलांनी एक जर्मन रेंजफाइंडर पणजीहून आणला होता. तो तरुण अण्णांच्या हाती प्रथम दिला गेला तो निपाणीत चुलतभावाच्या मुंजीला. अण्णांनी मातृभोजन जुळवलं, भिक्षावळ जुळवली, सबंध रोल संपवला. रोल धुवायला कोल्हापूरला गेला आणि कोरा परत आला. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं, लेन्सवर टोपण तसंच होतं. खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी असल्याचा हा तोटा. बटूला आता नातवंडं आहेत, तरी भावकीत अण्णा दिसले की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, "टोपण काढलंय न्हवं?"

बेळगावच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर अण्णांनी पापडाचा मोठा स्टीलचा डबा ताब्यात घेतलाय. बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून गोळा केलेल्या सिलिका जेलच्या पुड्या तळाशी, वर मऊ धोतराचा तुकडा, त्यावर लेन्स. घरात कुणीही नवे बूट आणले, की अण्णा बूट बघत नाहीत, खोक्यात हात घालतात. पापड जूनपासून वर्तमानपत्रात गुंडाळलेले असतात आणि दसऱ्यापर्यंत चिवट होतात. अण्णांच्या दृष्टीनं हा हिशेब बरोबर आहे.

एवढं सगळं करून फोटो कसे येतात? बरे येतात. बेताचे, असंही म्हणता येईल. पण एक फोटो मात्र मी विसरणार नाही. अण्णा अधूनमधून निपाणीला जातात, जुन्या घरी. तंबाखूचं गाव. वखारीत राबणाऱ्या तिथल्या बायकांवर दीपा धनराज आणि युगांतर गटानं १९८२ मध्ये माहितीपट केला होता, तो अण्णांनी पाहिलाय. शेजारच्या आळीत एक म्हातारी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं बंडल. अण्णा समोर पाटावर बसले आणि म्हणाले, "मावशी, जरा थांब की."

"थांबले तर हजार कोण भरणार? तुझं तू काढ."

अण्णांनी कडी फिरवायला घेतली. मावशीनं पानात तंबाखू पेरली, पान वळलं, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला, विडी सुपात टाकली. अण्णांचं अजून जुळत होतं. दुसरी विडी झाली. तिसरी अर्ध्यात असताना शटर वाजलं, म्हणजे वाजलं असावं. फोटोत मावशीचा चेहरा खणखणीत आलाय, नाकावर घसरलेला चष्मा, कपाळावरची गोंदणं, आणि खाली दोन्ही हातांच्या जागी नुसता धूसर पट्टा. अण्णांनी तो चांगल्या कागदावर छापून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि एसटीनं नेऊन दिला. ते असंच करतात. ज्याचा फोटो काढला त्याला तो कागदावर मिळतोच, मग तो रेल्वे गेटवर चरफडणारा अनोळखी माणूस का असेना. त्याचा पत्ता ते जुळवताना विचारून ठेवतात, वेळ असतोच.

मावशीनं फोटो लांब धरून बघितला. "हात दिसंनात माझे."

"हाललेत गं."

"काम करूलाले की मी. हालणारच."

तो फोटो आता तिच्या घरात देवांच्या शेजारी लावलाय.

तुम्हालाही अण्णा भेटतील, बहुधा पुढच्या लग्नसराईतच. दोन-तीन गोष्टी सांभाळा. किंमत विचारू नका, निदान काकूंच्या देखत तरी. "मोबाइलमध्ये याहून भारी येतो" हे मनात ठेवा. हसायचं ते बेतानं हसा, कारण पहिलं हसू फोकसमध्ये जातं, दुसरं उजेड मोजण्यात, आणि कामाला येतं ते तिसरं. फोटो महिन्याभरात घरपोच मिळेल. तो भिंतीवर लावा, कपाटात टाकू नका. अण्णा बघायला येतात.