दुसऱ्याच मिनिटाला

अहो वहिनी, ऐकलंत का? पाटाकडील-दिलबहार मॅचचं नव्हे, ते तर अख्ख्या पेठेनं ऐकलंय. अन्वर अलीचं म्हणतेय मी. तोच हो, पंजाबातल्या आदमपूरचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपात आपल्या अनिकेत जाधवबरोबर होता, डिफेन्सला. सगळं कोल्हापूर अनिकेतला बघायला टीव्हीपुढं बसलं आणि मला मेलीला आवडला तो हा! अमेरिकेविरुद्ध ह्याचा फटका क्रॉसबारला थडकला आणि तिथनंच बॉल पळवून त्यांनी आपल्यावर तिसरा गोल चढवला. आमच्या ह्यांनी हातातली बशी अशी आपटली... टवका उडालेली अजून आहे, दाखवते.

तर काय सांगत होते... हां. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालच्या पोरांना आपल्या पोरांनी २-१ असं लोळवलं, त्यात एक फ्रीकिक ह्याची. डिफेंडर असून! मुंबई सिटीनं लगेच उचलला. सगळं कसं छान चाललेलं, आणि २०१९ मध्ये तपासणीत निघालं की काळजाचा स्नायू जाड झालाय. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. कॅलेंडरच्या मागं लिहून पाठ केलंय मी, सून फार्मसी शिकलेली, तिच्यापुढं अडखळायला नको. जेमतेम एकोणीसचं पोर हो!

कोपऱ्यावरच्या काकू लगेच, "झालं, संपलं. आता दुकान काढून द्या म्हणावं त्याला." नाव नाही घेत, तुम्हाला कळलंच.

फुटबॉल फेडरेशननं त्याला थांबवलं, ते अगदीच चुकलं असं मी नाही म्हणणार हं. २००४ ला बंगळुरात डेम्पोचा ख्रिस्तियानो ज्युनिअर भर सामन्यात कोसळून गेला, ते कोण विसरेल? आणि तेव्हा फेडरेशनच्या मेडिकल समितीवर कोण होते, तर टेनिसवाल्या लिअँडरचे वडील डॉक्टर वेस पेस, स्वतः ऑलिम्पिकला हॉकी खेळलेले. त्यांना काय खेळाडूचा जीव कळला नसेल? पण पोरगं गप्प बसेना. २०२० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगकडं गेला, तिथंही आडकाठी, तर सरळ दिल्ली हायकोर्टात! आमच्याकडं वीजबिलाची तक्रार करायची म्हटलं तर हे चार दिवस चपला शोधतात.

शेवटी २०२१ मध्ये वाट मोकळी झाली. दिल्ली एफसी, मग २०२२ च्या जानेवारीत एफसी गोवा, आणि मार्चमध्ये थेट भारताचा सीनियर संघ. बहारीनशी हरलो, ते सोडा. खरी मजा जूनमध्ये. कोलकात्यात सॉल्ट लेकवर हाँगकाँगशी मॅच, आणि नेमक्या तेव्हाच काकू आमच्याकडं विरजण मागायला आलेल्या. मी म्हटलं, बसा की दोन मिनिटं. आणि दोनच मिनिटं लागली हो! दुसऱ्याच मिनिटाला गोल, अन्वरचा! पुढं छेत्रीनंही मारला, ४-० नं जिंकलो, पण पहिला कुणाचा? काकूंचा चेहरा असा पडला... वाटी तशीच हातात, विरजण घ्यायचं भान नाही. मी आपलं हळूच विचारलं, "मग काकू, दुकान कुठं काढायचं ठरलं?"

तेव्हापासनं त्या विरजण दुसरीकडनं नेतात.

आणि नंतर तो मोहन बागानकडं आला, मग ते सोडून ईस्ट बंगालला गेला ना, त्याचं तर वेगळंच रामायण... थांबा थांबा, पाणी सुटलं वाटतं. बादली लावून आलेच.