कर्जत-3 आणि 47 ओहम

पाच हजार रुपये ही रक्कम माणसाला अभ्यासाला बसवते. पाचशेच असतील तर कर्जत स्टेशनबाहेर टांगलेल्या वायरींपैकी एक ओढायची, महिनाभरात डावा कान मुका झाला की दुसरी ओढायची, विषय संपला. पन्नास हजार असतील तर दुकानदार खुर्ची देतो, चहा मागवतो आणि आपल्या वतीने निर्णयही घेऊन टाकतो. हाल मधल्यांचे. महागाई भत्त्याचा थकलेला फरक जमा झाला, त्यातून स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलून झाले, आणि उरलेल्या पाच हजारांकडे बघून ही म्हणाली, "घ्या एकदाचे ते तुमचे कानाचे."

मला हवे होते ते कान पूर्ण झाकणारे, मोठे, गाणं ऐकण्यासाठीचे हेडफोन. आजवर फोनच्या डबीत फुकट आलेली बोंडं कानात खुपसून मी मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत आलो. मन्सूर त्यातूनही पोचतात, हा त्यांचा मोठेपणा. तंबोरा मात्र पोचत नाही. तो दाराबाहेरच थांबतो.

भाचा हिंजवडीत असतो आणि त्याला या विषयातलं सगळं कळतं. "चांगले हेडफोन कुठले रे?" असं मी विचारलं. घरात आजवर असे प्रश्न मिक्सरबद्दल आणि गादीबद्दल विचारले गेले आहेत आणि त्यांना सरळ उत्तरं मिळाली आहेत. भाचा म्हणाला, "मामा, तू ओपन बॅकवाला आहेस की क्लोज्ड बॅकवाला?"

मी कुणीच नव्हतो. मग त्याने अर्धा तास शिकवलं. ओपन बॅक म्हणजे कानावरच्या वाटीची पाठ जाळीदार. हवा खेळते, गाणं डोक्यात न कोंबता खोलीत चाललंय असं वाटतं. पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. क्लोज्ड बॅक म्हणजे पाठ बंद. गाणं आपल्यापुरतं राहतं, पण जरा कोंडल्यागत वाटतं. शिवाय इम्पीडन्स नावाचं एक प्रकरण असतं आणि ते ओहममध्ये मोजतात. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा एकच हेडफोन 32, 80 आणि 250 अशा तीन ओहमांत मिळतो. 250वाल्याला फोनचा जोर सहसा पुरत नाही, त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला भिंतीतली वीज.

इथे मी त्याला थांबवलं. आमच्या शेजारच्या खोपोलीच्या वीजघरातून 1915 सालापासून मुंबईला वीज जाते. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की वीज जाते. भिंतीतल्या विजेवर गाण्याची भिस्त ठेवायची नाही, हे माझं पहिलं आणि बराच काळ एकमेव तांत्रिक धोरण ठरलं.

पुढचे दिवस मी डब्यांवरचे आकडे वाचण्यात घालवले. माणसाला 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. वय वाढेल तसं वरचं टोक झिजत जातं. आणि डब्यांवर छापलेलं असतं, 5 ते 40,000 हर्ट्‌झ! माझी पन्नाशी उलटली आहे. त्यातला वरचा अर्धा भाग कोंढाण्याच्या लेण्यांतल्या वटवाघळांना ऐकू येईल, आणि त्यांनी माझ्याकडे कधी हेडफोन मागितलेले नाहीत.

तसा मी आकड्यांना घाबरणारा नाही, कारण कर्जतकर आहे. आमच्याकडे भाताचं संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या वाणांची नावं कर्जत-3, कर्जत-7 अशीच असतात. ती कुठल्याही हेडफोनच्या डब्यावर शोभतील. पण आमचा शेतकरी बियाणं घ्यायला गेला की "सगळ्यात चांगलं वाण कुठलं?" असं विचारत नाही. तो म्हणतो, "जमीन उताराची आहे, पाणी धरत नाही, हळवं काय आहे?" मग त्याला कर्जत-3 मिळतं. उशिरा पिकणाऱ्या गरव्याचं कितीही कौतुक झालेलं असो, सप्टेंबरच्या शेवटी ज्याच्या शेतात पाणी उरत नाही त्याला त्याचा काय उपयोग? हेडफोनवर लिहिणारे लोक मात्र जमीन न विचारता बियाणं वाटत सुटलेले असतात. म्हणून मी डबे बाजूला ठेवले आणि स्वतःचं शेत तपासायला बसलो.

जून ते सप्टेंबर. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्यातला बराचसा माझ्या नव्या पत्र्यांवर पडतो असा माझा समज आहे. या दिवसांत आमच्या घरात दोन माणसं खुणांनी बोलतात. मियाँमल्हार ऐकावा तर पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात तो ओपन बॅकमधून ऐकू येणं शक्य नाही. म्हणजे क्लोज्ड.

ऑक्टोबर. क्लोज्ड बॅकच्या गाद्या बहुधा नकली चामड्याच्या असतात. ऑक्टोबरात दुपारी त्या कानावर चढवल्या तर विलंबित संपेपर्यंत कान पोहून निघतात. म्हणजे ओपन.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा सुंदर, पाऊस नाही, घाम नाही. ओपन बॅकचा खरा हंगाम हाच. पण मुंबईच्या लोकांचाही हंगाम हाच. कर्जत-खालापूर पट्ट्यात टेकडीटेकडीवर फार्महाऊस झाली आहेत. तिथे शनिवारी शांतता शोधायला येणारी मंडळी, ती चुकून सापडू नये म्हणून, स्पीकर सोबत आणतात. क्लोज्ड.

मार्च ते मे. उकाडा, म्हणजे ओपन. पण लग्नं, आणि लग्नाच्या आदल्या रात्री हळद! रायगडातली हळद ज्याने ऐकली नाही त्याने आवाज ऐकलेला नाही. लग्न एखादे वेळी पुढे जाईल, हळदीचा डीजे जाणार नाही. क्लोज्ड, आणि तेही अपुरे. बंद वाटी तार सप्तकातला आरडाओरडा अडवते. ढोलाचा खालचा धुपधुप ती बिचारी अडवू शकत नाही, तो हाडांतून येतो.

आणि बारा महिने रेल्वे. बोरघाटाचा चढ जागोजागी 37 फुटांना 1 फूट आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं लावतात. बाहेरच्यांना या थांब्यामुळे वडा मिळतो. आम्हाला मिळतात पुढच्या आणि मागच्या इंजिनांमधले संवाद, शिट्ट्यांचे, रात्री दीड वाजताही. पुढचा विचारतो, मागचा सांगतो, आणि मी उशीवरून दोघांचं ऐकतो.

ओपन बॅकचा विषय असा मिटला. भाचा हळहळला. त्याच्या मते मोकळ्या पाठीशिवाय संगीत नाही. 1968 साली जर्मनीच्या सेनहायझरने एचडी 414 नावाचा पिवळ्या स्पंजाचा हेडफोन काढला, तेव्हापासून जाणकार त्याच वाटेने गेले असं तो म्हणाला. असतील. जर्मनीत हळद लागत नाही.

"मग नॉइज कॅन्सलिंग घे," तो म्हणाला. ही युक्ती मला मनापासून आवडली, कारण तिचं मूळ वैतागात आहे. डॉ. अमर बोस 1978 साली विमानातून जात होते, कानाला हेडफोन होते आणि इंजिनाच्या घरघरीत गाणं बुडत होतं. बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या बरोबर उलटा आवाज कानात सोडला तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतील, याची आकडेमोड त्यांनी त्या प्रवासातच मांडली. पण ही युक्ती लागू पडते ती एकसुरी घरघरीला. आमच्या लोकलमधल्या भजनी मंडळाची झांज पुढच्या क्षणी कुठे पडेल हे पखवाजवाल्यालाही ठाऊक नसतं, तिथे यंत्र काय करणार? शिवाय पाच हजारांत ही सोय घेतली की बरेचसे पैसे आवाज मारण्यात जातात आणि गाण्याच्या वाट्याला थोडे उरतात.

एवढ्यात खोपोलीहून मेव्हणा आला. तो पोलादाच्या कारखान्यात आहे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "भावजी, पाच हजार कशाला घालवता? मी कंपनीतून आणून देतो." दुसऱ्या रविवारी त्याने खरंच कान झाकणारी, मोठी, मऊ गादीची, पिवळी वस्तू आणली. तिला वायर नव्हती. त्यातून काहीच ऐकू येत नाही, हाच तिचा गुण होता. "हळद असो, डीजे असो, घालून झोपायचं," तो म्हणाला. मी गाण्याचा मुद्दा काढला. तो म्हणाला, "गाणं ऐकायचंच असेल तर मग बोंडं आत घाला आणि हे वरून घाला." मी घालून पाहिलं. लिहायला संकोच वाटतो, पण माझ्या शेतासाठी आजवर कुणी सुचवलेला हा सगळ्यात शास्त्रीय उपाय होता. फक्त तंबोरा अजूनही दाराबाहेरच होता.

जाता जाता त्याने कारखान्याचा नियम ऐकवला. 90 डेसिबलला 8 तास, 100 ला 2 तास, 110 ला अर्धा तास, त्यापुढे कान तुमचे, जबाबदारी तुमची. मोठा आवाज लावून हळदीवर मात करायचा माझा बेत तिथेच बारगळला.

आता प्रत्यक्ष कानाला लावून बघणं आलं. काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये काचेच्या छोट्या खोल्यांत उभं राहून, हेडफोन लावून, तबकडी घेण्याआधी ऐकता यायची. ते दुकान 2016 साली बंद झालं. आता गाणं फुकट मिळतं आणि हेडफोन न ऐकता घ्यावा लागतो. तरी लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड असा दोन तासांचा प्रवास करून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानात मुलाने विचारलं, "काका, गेमिंगसाठी?" दुसऱ्याने न विचारताच लाल दिवे लागणारा काढला आणि म्हणाला, "बास बघा, बास!" त्याने लावलेल्या गाण्यात माझी कवटी हलली. मी म्हटलं, तंबोरा लाव. त्याने फोनवर शोधून तंबोरा लावला, आणि त्या पोराला तंबोऱ्यातही बास सापडला. खर्ज इतका फुगला की वरच्या तारांची जवारी त्याखाली गुदमरली.

इथे मला माझी परीक्षा मिळाली. भाच्याने चाचणीसाठी पंधरा इंग्रजी गाण्यांची यादी दिली होती. ती मी खिशातच ठेवली. कुमार गंधर्वांच्या मैफलीतले तंबोरे चांगल्या हेडफोनमध्ये चार तारा म्हणून सुटे ऐकू येतात आणि मग हळूहळू मिसळतात. वाईट हेडफोनमध्ये त्यांचा पंप होतो. डग्ग्याची घसीट नुसती 'धुम' होते की तिला शेपूट राहतं, हे दुसरं. ज्याला खयाल ऐकायचा आहे त्याचं बहुतेक सगळं मधल्या सप्तकांत चालतं. तिथे जो हेडफोन फाजीलपणा करत नाही तो आपला.

चौथ्या दुकानात असा एक सापडला. ऑडिओ-टेक्निकाचा एम-20-एक्स. बंद पाठीचा, 47 ओहम, रेकॉर्डिंगवाले वापरतात त्या घराण्यातला सर्वांत धाकटा. दिवे नाहीत, नक्षी नाही. तंबोरा आत आला आणि बसला. चष्म्याची काडी गादीखाली आली की फट पडून खर्ज थोडा गळतो, हे लक्षात आलं. पण चष्मा काढून गाणं ऐकायला मला अजून तरी मनाई नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. वायर तीन मीटर लांब होती, आणि माझ्या नव्या फोनला ती खुपसायला भोकच नव्हतं. 2016 साली आयफोनने ते बुजवलं आणि मग एकेकाने बुजवायला घेतलं. तेव्हा एक इवलंसं डोंगल आलं. पट्टा डोक्याला आवळत होता, म्हणून हेडफोन दोन रात्री दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला. अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन 1910 च्या सुमारास नौदलासाठी हेडफोन बनवत असे तो घरच्या स्वयंपाकघरात. हे मी हिला सांगितलं. तिने तीन मीटर वायरीकडे बघितलं आणि "इथे नको" एवढंच म्हणाली.

पण ऐकण्याचं काय सांगू! जुन्या मैफलींत किती माणसं आहेत हे मला आता कळलं. तिसऱ्या-चौथ्या रांगेत एकजण सतत खोकतो. एकजण समेच्या आधीच "वा" म्हणतो आणि मग समेवर गप्प बसतो. तबलजी हातोडी खाली ठेवतात तो आवाज येतो. मेव्हण्याने हेडफोन चढवले आणि घर हादरेल इतक्या मोठ्याने मला सांगितलं, "भावजी, मागे कुणाला तरी दमा आहे!" त्याने ते अर्धा तास काढले नाहीत आणि मग कंपनीत वापरायला परवानगी मिळेल का, याची चौकशी केली.

दिवाळीत भाचा आला. दुपारी जेवणं झाल्यावर त्याने हेडफोन लावले, डोळे मिटले, मान हलवली. मी निकालाची वाट बघत उभा.

"मस्त आहेत, मामा," तो म्हणाला. "पहिले म्हणून अगदी योग्य."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "पहिले म्हणून, म्हणजे?" ही दारात येऊन म्हणाली.

भाचा तिला उत्साहाने 250 ओहम समजावून सांगायला लागला. मी घाईने हेडफोन चढवले आणि किशोरीताईंचा भूप लावला. दुपारचे दोन वाजले होते, पण रागाची वेळ पाळण्याचा तो प्रसंग नव्हता.