बंदराचे गाव, सडकेचा पाहुणा

रत्नागिरी हे कोकण किनाऱ्यावरील एक इतिहासप्रसिद्ध बंदर असून तेथे जाताना समुद्र वगळून उरलेल्या सर्व मार्गांचा विचार करण्याची आज प्रथा आहे. एके काळी मुंबईहून निघालेली आगबोट किनाऱ्यापासून दूर नांगर टाकी, उतारूंना पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, मांडवीच्या धक्क्यावर आणले जाई, आणि बोट लागलेले, म्हणजे हेलकाव्यांनी पोट ढवळून निघालेले उतारू जमिनीवर पाय टेकताच पुन्हा कधीही बोटीत न बसण्याची शपथ घेत, जी परतीच्या दिवशी मोडावी लागे. ती वाहतूक बंद पडली तरी पोट ढवळण्याची परंपरा खंडित झालेली नाही. कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय निघाल्यापासून तिचा भार प्रामुख्याने भोस्ते आणि परशुराम या घाटांवर आला आहे, इतकेच.

मुंबई ते रत्नागिरी हे अंतर सुमारे 340 किलोमीटर असले, तरी मे महिन्यात ते किलोमीटरमध्ये मोजण्यात फारसा अर्थ नसतो. या वाटेवरील महामार्गाचे चौपदरीकरण 2011 च्या सुमारास सुरू झाले, आणि त्या वर्षी जन्मलेली मुले आता मागच्या आसनावरून ‘अजून किती वेळ?’ असे मिसरूड फुटलेल्या आवाजात विचारतात. ‘काम चालू’ हा फलक दिसला की कुटुंबप्रमुख वाहनाचा वेग कमी करून फलकातील काम शोधू लागतो, आजी आपण बोटीने कशा आलो होतो हे सांगू लागते, आणि हातखंबा तिठा, म्हणजे महामार्ग सोडून शहराकडे वळण्याची जागा, येईपर्यंत दोघांचेही काम पूर्ण होत नाही. या कुटुंबाचा मुख्य हेतू हापूस आंबा हा असतो. रत्नागिरीसह कोकणातील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि हंगामातील पहिला व उत्तम माल वाशीच्या बाजाराकडे रवाना होत असल्यामुळे आंबा आणि त्याचा भक्त एकाच महामार्गावर परस्परविरुद्ध दिशांना जाताना एकमेकांना ओलांडतात.

रस्त्याचा हा अवघडपणा आजचा दोष मानणे मात्र अनैतिहासिक ठरेल. इंग्रजांनी 1822 मध्ये जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून येथे हलवले आणि पुढे या गावाचा एक विशेष गुण हेरला: येथे आणून ठेवलेला माणूस सहजी निसटून जाऊ शकत नसे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला 1885 मध्ये पदच्युत करून प्रथम मद्रासला आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. म्हणजे राजालाही नेमका उन्हाळ्याचा हंगाम लाभला. त्याच्या इतमामास साजेसा राजवाडा उभारून देण्यास सरकारला 1910 साल उजाडले. तोवर राजाने दुसऱ्यांच्या बंगल्यांत जवळजवळ पाव शतक काढले, आणि वाडा मिळाल्यानंतर सहा वर्षांनी, 1916 मध्ये, तो येथेच वारला. आज त्या वाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. रणरणत्या दुपारी त्याच्या सावलीत शिरलेल्या पर्यटकास सक्तीच्या मुक्कामाबद्दल वाटणारी सहानुभूती बरीचशी अनुभवसिद्ध असते.

या धोरणाचा कळस त्याच सुमारास गाठला गेला. रत्नागिरीत 1856 मध्ये जन्मलेले लोकमान्य टिळक बालपणीच पुण्यास गेले होते. त्यांना 1908 ते 1914 या काळात सरकारने मंडालेच्या तुरुंगात ठेवले, आणि मंडाले ही तर थिबाची राजधानी. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, ही अदलाबदल ज्या कचेरीत घडली तिच्या टाचणव्यवस्थेबद्दल शंका घेण्यास जागा आहे. पुढे 1924 पासून 1937 पर्यंत विनायक दामोदर सावरकर यांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. त्या काळातील सामाजिक कार्यातून 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले, जेथे जातीचा विचार न करता सर्व हिंदूंना प्रवेश होता. एकंदरीत, येथे जन्मलेले बाहेर गेले आणि येथे पाठवलेले राहिले, असा या नगराचा इतिहास दिसतो.

मुख्य प्रश्न आहे तो बंदर पाहण्याचा. चौकशी करणाऱ्यास प्रथम मांडवीला पाठवले जाते, जेथे एक भव्य प्रवेशद्वार समुद्राकडे तोंड करून उभे आहे, त्यातून समुद्रमार्गे कोणी प्रवेश करत नाही आणि त्याच्यापुढे भेळ चांगली मिळते. तेथील वाळू इल्मेनाईट या टायटॅनियमयुक्त खनिजामुळे काळी असते व दुपारी तिच्यावर अनवाणी चालणे केवळ नवसापुरते शक्य होते. काही अंतरावर उत्तरेस वाळू पांढरी असल्याने गावकरी सरळ काळा समुद्र व पांढरा समुद्र असे म्हणतात, आणि मुले पाण्याचा रंग न बदलल्याबद्दल तक्रार करतात. नंतर रत्नदुर्ग. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या या किल्ल्यावर भगवतीचे मंदिर आणि 1867 मध्ये बांधलेले दीपगृह आहे. येथून बंदर उत्तम दिसते, परंतु कुटुंबाची पाठ त्याच्याकडे असते, कारण छायाचित्रासाठी उजेड समोरच्या बाजूने येतो.

खरे, चालते, गजबजलेले बंदर मिरकरवाड्याला आहे. ट्रॉलर लागतात, बर्फाच्या लाद्या फुटतात, टोपल्यांवर भाव पुकारले जातात, आणि वासाच्या पहिल्याच लाटेबरोबर गाडीच्या काचा वर जातात. त्या बंद काचांआडून पाहणी उरकून हेच कुटुंब तासाभरात खाणावळीत बसून सुरमई ताजी आहे ना, याची तीनदा खात्री करून घेते. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात. तरीही जूनमध्ये उशिरा पोहोचलेल्या पर्यटकाच्या ताटात सुरमई येतेच, आणि ती कोठून आली हे खाणावळीत विचारण्याची पद्धत नाही.